वाचकांचे प्रश्न: वर्गातली इंग्रजी, बातमीतली इंग्रजी

प्रश्न (एक पालक): मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजीत आहे. तोंडी हिशोब पक्के आहेत, पण इंग्रजीतले शाब्दिक उदाहरण आले की चुकते. तिचे इंग्रजी कच्चे आहे का?

उत्तर: शब्दार्थ पाठ करून घेण्याआधी चूक नेमकी कुठे होते ते पाहा. पुष्कळदा ती संख्यांच्या क्रमात असते. ‘१२ मधून ५ वजा करा’ म्हणताना १२ आधी कानावर येतात आणि मांडणीही त्याच क्रमाने होते. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’मध्ये ५ आधी येतात. मूल ऐकलेल्या क्रमाने ५ − १२ लिहून अडते, नाहीतर मोठी संख्या आपणच वर घेते. दुसरी सवय अधिक घातक, कारण उत्तर बरोबर येते आणि चूक झाकली जाते. पुढे बीजगणितात ‘सबट्रॅक्ट एक्स फ्रॉम वाय’ आले की मोठे कोण ते दिसत नाही आणि सगळे उलटे पडते. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’चेही तसेच.

‘इंग्रजीत क्रम नेहमी उलटा असतो’ असा नियम मात्र तिला सांगू नका. ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय थ्री’ आणि ‘१२ ला ३ ने भागा’ यांचा क्रम एकच आहे. क्रम ठरवतात ते ‘फ्रॉम’, ‘दॅन’, ‘बाय’ हे छोटे शब्द. मुले वाचताना नेमके तेच गाळतात.

आठवडाभर रोज दहा वाक्ये घ्या. तिने आधी छोट्या शब्दाखाली रेघ ओढायची, मग वाक्य मराठीत मोठ्याने सांगायचे, मग फक्त मांडणी लिहायची. पहिले दोन दिवस उत्तर काढूच देऊ नका. उत्तराची घाई झाली की मांडणीकडे लक्ष राहत नाही. ‘ॲट लीस्ट’ वेगळे घोटून घ्या. त्यातला ‘लीस्ट’ ऐकून ‘पेक्षा लहान’चे चिन्ह दिले जाते, अर्थ आहे ‘किमान’, म्हणजे तेवढे किंवा त्याहून जास्त.

प्रश्न (विज्ञान शिक्षक): मी मराठीत समजावतो आणि संज्ञा इंग्रजीत देतो. या मिश्रणाने नुकसान होते का?

उत्तर: मिश्रणाने होत नाही, सैल शब्दाने होते. वस्तुमान शिकवताना ‘या दगडाचे वजन ५ किलो’ असे बोलून गेलात आणि पुढच्या तासाला ‘वेट न्यूटनमध्ये मोजतात’ म्हणालात, तर मुलाने कशावर विश्वास ठेवायचा? पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहा: वस्तुमान, मास, किलोग्रॅम; वजन, वेट, न्यूटन. खाली एक उदाहरण द्या: १० किलोग्रॅम वस्तुमानाचे पृथ्वीवरचे वजन सुमारे ९८ न्यूटन. धडा संपेपर्यंत या ओळी पुसू नका. ‘स्पीड’ला चाल आणि ‘व्हेलॉसिटी’ला वेग हेही असेच जोडीने द्या, कारण घरी दोन्हींना वेगच म्हणतात.

मुले हिंदी व्हिडिओ पाहत असतील तर आणखी एक खड्डा आहे. मराठीत अणू म्हणजे ‘ॲटम’ आणि रेणू म्हणजे ‘मॉलिक्यूल’. हिंदीत ‘ॲटम’ला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे ‘मॉलिक्यूल’. इथे इंग्रजी संज्ञाच खुंट्यासारखी कामी येते, ती जरूर वापरा.

प्रश्न: ‘पार्टीने व्हिप बजावला’ आणि ‘व्हिपची नेमणूक बेकायदा’ अशा दोन्ही बातम्या वाचल्या. व्हिप हा माणूस की आदेश?

उत्तर: इंग्रजीत दोन्ही. मराठीत मात्र प्रतोद हा सभागृहात पक्षाची शिस्त राखणारा माणूस आणि पक्षादेश हा मतदानाबाबतचा आदेश, असे दोन स्वच्छ शब्द असताना आपण ते सोडून देतो याचे वाईट वाटते. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीत, ‘व्हिप’ हा शब्दच नाही. तिथे पक्षाने किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने दिलेला निर्देश, अशी भाषा आहे. त्याविरुद्ध मत दिले किंवा मतदानच टाळले आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर अपात्रतेचा प्रश्न येतो.

‘पार्टी’ हा शब्द तर याहून जास्त घोटाळा करतो. राजकीय पक्ष वेगळा, विधिमंडळ पक्ष, म्हणजे त्याच्या निवडून आलेल्या आमदारांचा सभागृहातला गट, वेगळा. शिवसेनेतल्या फुटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकाल याच फरकावर उभा आहे: प्रतोद आणि सभागृहातला नेता राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ पक्षाने नव्हे. नुसते ‘पार्टीने नेमला’ लिहिले तर निकालाचा गाभाच बातमीतून निघून जातो.

तसेच ‘स्प्लिट’चे, म्हणजे फुटीचे. एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला अपात्रतेपासून असलेले संरक्षण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. दोन तृतीयांशाची अट आहे ती विलीनीकरणासाठी. तरीही ‘दोन तृतीयांश जमले, फूट कायदेशीर’ असे छापून येते.

प्रश्न (नवोदित वार्ताहर): मग कोणते इंग्रजी शब्द ठेवायचे?

उत्तर: ईव्हीएम (मतदान यंत्र), व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारे यंत्र) खुशाल ठेवा; प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. ‘लीड’ टाळा. मोजणी चालू असताना ती आघाडी असते, निकालानंतर मताधिक्य. ‘ऑर्डर निघाली’ तर कधीच लिहू नका; निघाला तो अध्यादेश की शासन निर्णय, हे त्यातून कळत नाही. राज्यपालांचा अध्यादेश असेल तर विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी न मिळाल्यास तो संपतो; शासन निर्णयाला अशी मुदत नसते. वाचकाला नेमके हेच हवे असते. आणि आकडे उतरवताना मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. डॉलरचे रुपये करायचे असतील तर आधी हे रूपांतर करा, मग दराने गुणा. दोन्ही एकदम केले की एखादे शून्य हमखास निसटते.