टायरचे तुकडे रस्त्याच्या भरावात मातीऐवजी चालतात का?

चालतात. मऊ, दलदलीच्या जमिनीवर तर उत्तमच, कारण हा भराव मातीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या वजनाचा असतो. जमीन कमी खचते. संरक्षक भिंतीमागे भरला तर भिंतीवरचा दाब घटतो, आणि पाण्याचा निचरा खडीसारखा होतो.

खरी गोम उष्णतेची. जाड थर आतून आपोआप तापतो. बारीक चुरा आणि उघड्या पोलादी तारा असतील तर जास्तच. 1995 च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन व कोलोरॅडो राज्यांत असे भराव, सगळे 8 मीटरच्या आसपास किंवा त्याहून जाड, अक्षरशः धुमसले. म्हणून आता मोठ्या तुकड्यांच्या थरालाही 3 मीटरची मर्यादा असते. भोवती जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कृत्रिम कापड) गुंडाळा, वर मातीचा थर द्या. शक्यतो भूजलपातळीच्या वरच वापरा. पाण्यात तारांमधलं लोह आणि मँगनीज उतरतं. आणि हो, भराव दबतो, म्हणून उंची थोडी जास्तच धरा.