पोरींना घेऊन काळी नदीवर कॅनोनं जातीयेस? मग हे ऐक
अगं, कर्नाटकात दांडेलीजवळच्या गणेशगुडीला जा की, पण सुपा धरणातनं पाणी कधी सोडतात ते आधी तिथल्या लोकांना विचार, कारण वीज करायला पाणी सोडलं की काळी नदी बघता बघता चढते, म्हणून तंबू काठाला नाहीच, वर उंचावर. जंगल टायगर रिझर्व्हचं आहे, वनखात्याची परवानगी नसेल तर मुक्काम नको. लाईफ जॅकेट मापाचं बघ, खांद्याला धरून ओढलं तर हनुवटीवर सरकायला नको. आणि पाळीबद्दल निघायच्या आधीच मोकळं बोल गं, पॅड, काळ्या पिशव्या, जादा कपडे सगळं ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. माझ्या पहिल्या ट्रिपला एक पोरगी लाजून दोन दिवस गप्प बसलेली, अजून वाईट वाटतंय. कॅनो उलटली तर कॅनोलाच धरून राहायचं, हे कमी पाण्यात आधी करून घे.