चार महिनेच झालेत ना? मग आधी एवढं बघा

ताई, अजून दिवस का जात नाहीत, असं विचारलंत. वय 27, पाळी वेळेवर, मूल व्हावं म्हणून प्रयत्न चार महिन्यांचे. आत्ताच काळजीचं कारण नाही. अशा शंभर जोडप्यांपैकी ऐंशीच्या वर जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. सासूबाई जोतिबाला नवस बोला म्हणाल्या तर खुशाल बोला, पण हा हिशेब डोक्यात ठेवा:

– वय 35 च्या आत: एक वर्ष वाट बघा.
– 35 च्या पुढं: सहा महिने. चाळिशी गाठली असेल तर थांबायचंच नाही.
– पाळी दोन-दोन महिने येत नाही, पाळीत असह्य दुखतं, पूर्वी टीबी झालाय, किंवा नवऱ्याचं अंडकोषाचं ऑपरेशन झालंय: लगेच डॉक्टर.

पहिली चूक दिवस मोजण्यात होते. पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशीच बीज सुटतं, असं सगळ्यांचं नसतं. पाळी दर 32 दिवसांनी येत असेल तर बीज अठराव्याच्या आसपास सुटतं. तो दिवस आणि आधीचे पाच महत्त्वाचे. एक दिवसाआड संबंध पुरे.

दुसरी चूक बघून जीव तुटतो. बाईची फाईल तपासण्यांनी जाड होते, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी! दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच तर असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांना दाखवा नाहीतर सीपीआर या सरकारी दवाखान्यात, पहिल्याच भेटीला दोघं जा. नवऱ्याचा मावा (तंबाखू-सुपारी) आजच बंद करा, त्यानं शुक्राणूंवर परिणाम होतो आणि फरक दिसायला वेळ लागतो, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तुम्ही डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करा. आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) आत्ता वाचूच नका.