'करेज'ची व्युत्पत्ती शोधताना

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८४०) बसून हे काम करणार असाल, तर 'करेज' या इंग्रजी शब्दाचा 'धैर्य' हा अर्थ आधी बाजूला ठेवा. तो नंतरचा आहे. शब्दाचे तुकडे करा. शेवटचा 'एज' हा लॅटिन 'आटिकुम'वरून फ्रेंचमार्गे आलेला प्रत्यय, 'व्हॉयेज'मध्येही तोच. पुष्कळ जण इथेच चुकतात आणि शब्दात 'रेज' म्हणजे राग शोधत बसतात.

उरतं ते लॅटिन 'कोर', म्हणजे हृदय. जुन्या फ्रेंचमधलं 'कोराज' तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचा अर्थ मन, वृत्ती, इच्छा असा पसरट होता. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या पाखरांनाही 'कोराज' आहे, आणि ते शौर्य नव्हे, वसंतात उसळणारं मन! म्हणून कोशातला पहिला अर्थ नव्हे, सर्वांत जुनं उदाहरण आधी वाचा.

मग भावंडं ताडून पाहा. 'कॉर्डियल', 'रेकॉर्ड', 'अकॉर्ड' ही याच घरातली. दोरीची 'कॉर्ड' मात्र ग्रीक 'खोर्दे'ची, म्हणजे आतड्याच्या तातीची. नुसत्या उच्चारसाम्यावर जाऊ नका.

मराठीशी तुलना जरूर करा, ती फार सुंदर जमते. आपण 'वाघाचं काळीज' म्हणतो, 'छातीठोक' सांगतो. 'जिगर' तर फारसीत यकृत. पण 'साहस' या रांगेत बसवू नका. ते 'सहस्' म्हणजे बळ यावरून आलं, आणि स्मृतिग्रंथांत त्याचा अर्थ बळजबरीचा गुन्हा असा आहे.