जळगावात राहतो. पाण्यात पसरणाऱ्या शाईचे फोटो घरी मोबाइलवर काढून त्यावरून चित्रं करता येतील का?

नक्की येतील, स्टुडिओ लागत नाही. सपाट बाजूंचं काचेचं भांडं घ्या. गोल ग्लासात आकार वाकडे दिसतात. मागे पांढरा कागद लावा आणि त्यामागून उजेड येऊ द्या, आपल्याकडचं सकाळचं ऊन पुष्कळ झालं.

खरी मेहनत पाण्यावर करा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलेलं असतं, त्यात शाई भराभर विरते. उकळून रात्रभर निवू दिलेलं पाणी वापरा. उकळल्याने त्यातली हवा निघून जाते, मग काचेला बुडबुडे धरत नाहीत. भरलेलं भांडं अर्धा तास हलवू नका, कूलरही बंद ठेवा. थेंब अगदी पृष्ठभागाजवळून सोडा. शाई पाण्यापेक्षा किंचित जड असली की खाली जाताना थेंबाचं कडं होतं, ते फुटतं आणि त्यातून लहान कडी झुंबरासारखी लोंबतात. हा क्षण फार सुंदर असतो, त्यासाठीच हा खटाटोप!

थेंब पडणार तिथे आधी पेन्सिल धरून फोकस लॉक करा. शटरचा वेग (फोटो टिपायला लागणारा वेळ) १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, बर्स्ट (एकामागून एक झटपट फोटो) चालू.

चित्रासाठी फोटो उलटा फिरवून बघा. हुबेहूब उतरवू नका. शाईच्या आकारांच्या बाहेरच्या रेषा तेवढ्या घ्या.