हेजहॉगसाठी मीलवर्म कुठून आणायचे आणि घरी वाढवता येतात का?

हो, येतात. मीलवर्म म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, हेजहॉग या काटेरी पाळीव प्राण्याचा खाऊ. एक डबा पुरतो. आपल्या आया पिठातले किडे चाळून फेकायच्या, आपण ते मुद्दाम पोसायचे, एवढाच फरक.

सुरुवातीला पाळीव प्राण्यांच्या दुकानातून जिवंत अळ्या आणा. बागेतले किडे किंवा रातकिडे पकडून घालू नका, त्यांच्यात कीटकनाशक किंवा परजीवी असू शकतात. मासेमारीच्या आमिषाच्या अळ्याही नकोत.

गुळगुळीत भिंतींचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं, तळाशी चार-पाच सेंटीमीटर गव्हाचा कोंडा. ओलाव्यासाठी गाजराची चकती. पाणी शिंपडू नका, बुरशी आली की सगळा डबा गेला. अळीचा कोष होतो, कोषातून भुंगेरा निघतो. कोष वेचून वेगळे ठेवा, नाहीतर बाकीचे ते कुरतडतात. भुंगेऱ्यांनी अंडी घातल्यावर खायला घालण्याजोगी अळी मिळायला साधारण तीन महिने लागतात, तोवर विकतच्याच वापरा. विकतच्या अळ्या फ्रिजमध्ये सुस्त पडून टिकतात. आठवड्याला बाहेर काढून गाजर द्या. सुपरवर्म नावाच्या जाड अळ्या मात्र फ्रिजमध्ये मरतात.

खरी मेख कॅल्शियमची आहे. मीलवर्ममध्ये ते फारच कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. म्हणून देण्याआधी एक-दोन दिवस अळ्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य भरपूर खाऊ घाला, म्हणजे ते हेजहॉगच्या पोटात जाईल. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच चांगलं असतं, त्या आलटून पालटून द्या.

आणि मुख्य जेवण अळ्यांचं नको. दिवसाला तीन-चार पुरे. हेजहॉग भराभर लठ्ठ होतात, आणि मागण्यात ते भयंकर निर्लज्ज असतात.