पैठणी धोतरात का गुंडाळायची?

प्रिय सई,

"बाबा, आजीची पैठणी जुन्या धोतरात का बांधून दिलीस? माझ्याकडे चेनची प्लास्टिकची पिशवी आहे की," असं तू काल विचारलंस. ती पिशवी स्वेटरांना ठेव.

रेशीम म्हणजे प्रथिनच, आपल्या केसांसारखं. प्लास्टिकमध्ये ओल कोंडली की त्यावर पिवळे डाग पडतात, बुरशी धरते. जरीचं दुखणं वेगळं. आजीच्या पैठणीतली जर चांदीची, वर सोन्याचं पाणी दिलेली. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. धोतर सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्यात खळ उरलेली नाही, रंग लागायची भीती नाही आणि हवाही खेळती राहते.

घडी मात्र ३-४ महिन्यांनी बदलायची. जरीची तार सारखी एकाच रेषेवर दुमडली की तिथेच तुटते आणि साडी घडीवर चिरते. तेव्हा पदर जरा उलटून बघ. मोर मागूनही तितकेच रेखीव दिसतील, लोंबणारा धागा सापडणार नाही. येवल्याचे विणकर प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत नेतात, म्हणून ही सफाई. तेव्हा एकदा सुलट, एकदा उलट, कशीही घडी घाल. हँगरला तेवढी लावू नकोस, स्वतःच्याच वजनाने ओघळते.

मशीनमध्ये 'डेलिकेट'वरसुद्धा नाही! डाग काढणाऱ्या डिटर्जंटमधली काही एन्झाइम्स प्रथिनं खातात. त्यांना डाग आणि रेशीम सारखंच. साधी रेशमी ओढणी रिठ्याच्या पाण्यात खुशाल धू, पण पिळू नकोस. टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत वाळव. पैठणी ड्रायक्लीनला, तीही दर वेळी नको.

आजीचं सगळंच मात्र उचलू नकोस. ती डांबरगोळ्या टाकायची. त्यांची वाफ अंगाला बरी नाही आणि वास महिनोन्महिने जात नाही. त्यापेक्षा कपाट झाडून-पुसून कोरडं ठेव, कसर लागायची भीती कमी होते.

लग्नाला नेसशील तेव्हा परफ्यूम आधी मार, तो वाळू दे, मग साडी. घरी आल्यावर लगेच घडी घालू नकोस, घाम सुकेपर्यंत पंख्याखाली पसरून ठेव. इस्त्री उलट्या बाजूने, मंद, वर सुती कापड टाकून. पाणी शिंपडायचं नाही, त्याचेही डाग पडतात.

तुझा,
बाबा